गावच्या शिळेवर आकडा आहे, नावं कुठे शोधायची? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या ऑनलाइन शोधसेवेचं परीक्षण

सातारा, रत्नागिरी, रायगडकडच्या काही गावांत चावडीच्या भिंतीत, वेशीजवळ किंवा जुन्या शाळेच्या ओट्यावर एक शिळा बसवलेली दिसते. मजकूर साधारण एकाच साच्यातला असतो: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके जण गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. शिळेवर आकडा आहे, पण नावं नाहीत. शंभर वर्षांपूर्वी ती कोरायची गरज कुणाला वाटली नसावी, कारण गेलेला प्रत्येक जण गावाला माहीत होता. आज गावात ती नावं सांगू शकेल असं माणूस मिळणं अवघड. पहिल्या महायुद्धात अखंड भारताचे सुमारे ७४,००० आणि दुसऱ्यात सुमारे ८७,००० सैनिक गेले. त्यांतल्या मराठी माणसांची नावं घरबसल्या शोधायची तर सगळ्यात मोठं आणि पूर्ण फुकट साधन म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरचा 'फाइंड वॉर डेड' हा विभाग. हे परीक्षण त्याचं आहे, आणि मराठी घरांतून शोध घेणाऱ्यांच्या गरजेपुरतंच आहे.

निकाल आधीच सांगतो. नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारक या पाच गोष्टींसाठी ही सेवा अव्वल आहे. गाव आणि घर यांसाठी ती अपुरी आहे. ज्यांच्या हाती आधीच पलटण किंवा सैनिक क्रमांक आहे त्यांचं काम अर्ध्या तासात होतं. नुसत्या आडनावावर विसंबून येणारे बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: इंग्रज अमलातल्या कारकुनाने नाव ज्या स्पेलिंगने लिहिलं, ते स्पेलिंग आपल्याला माहीत नसतं.

कमिशनची स्थापना २१ मे १९१७ ची. तेव्हा नाव इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन होतं, १९६० मध्ये ते बदललं. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी तिथे आहेत, आणि कमिशनच्या सहा सदस्य देशांपैकी भारत एक आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढ्या मुदतीतले मृत्यू धरले जातात. या तारखा लक्षात ठेवाव्यात. लढाई १९१८ मध्ये थांबली तरी १९२० मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तापाने गेलेला सैनिकही यादीत असतो. पण जो घरी परत आला, पेन्शन घेतली आणि पुढे वारला, तो सापडणार नाही. पुष्कळ घरांत पणजोबांची पदकं असतात आणि त्यावरून ते 'युद्धात गेले' असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. पदकं परतलेल्यांनाही मिळाली होती. पहिल्या युद्धातल्या मृत्यूची खूण म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर व्यासाची काशाची जाड तबकडी. तिच्यावर ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीची आकृती आणि सिंह असतो, कडेने 'ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर' अशी इंग्रजी अक्षरं असतात आणि चौकटीत फक्त नाव असतं, हुद्दा नाही. ती घरात असेल तर शोध नक्की घ्या.

आता प्रत्यक्ष शोध. शोधाच्या चौकटीत देवनागरी चालत नाही, सगळं इंग्रजी लिपीत टाकावं लागतं. पहिली अडचण पलटणीच्या नावातच येते. आज आपण मराठा हा शब्द इंग्रजीत ज्या अक्षरांनी लिहितो, त्या अक्षरांनी शोधलं तर जुन्या पलटणी हाती लागत नाहीत. कागदोपत्री स्पेलिंग एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए असं आहे, म्हणजे एच अलीकडे आणि टी दोनदा. पहिल्या युद्धात १०३, १०५ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फन्ट्री होत्या, आणि ११४, ११६, ११७ क्रमांकाच्या पलटणींना नुसतं 'मराठाज' म्हणत. १९२२ च्या फेररचनेत या सहाही मिळून '५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री' झाली. म्हणून दुसऱ्या युद्धातला सैनिक शोधताना ११७ टाकून काही मिळत नाही, तिथे ५ टाकावा लागतो. घरातले कागद '३/५ मराठा' असं म्हणत असतील तर त्याचा अर्थ पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन.

मराठी माणूस फक्त मराठा पलटणीत होता असं मात्र धरू नका. खडकीचे बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स, बॉम्बेच्या पायोनियर पलटणी, ग्रेनेडियर्स, १९१७ मध्ये उभी राहिलेली आणि १९२१ मध्ये मोडलेली १११ महार्स, १९४१ ची महार रेजिमेंट, खेचरांचे काफिले, पुरवठा खातं, मजुरांचं लेबर कोअर, डोलीवाल्यांचं बेअरर कोअर, इस्पितळातली माणसं, सगळीकडे आपली माणसं होती. शिवाय मराठा पलटणींतच दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या, त्यामुळे गावची यादी करताना तीही घरं धरावीत. कोकणातले खलाशी तर निराळ्याच यादीत आहेत. मुंबईतल्या इंडियन सेलर्स होममधलं १९१४-१९१८ चं स्मारक समुद्रात गेलेल्या २,००० हून अधिक नाविकांचं आहे. घरात 'आगबोटीवर होते' एवढंच ऐकलं असेल, तर शोधात सैन्याऐवजी नौदल आणि व्यापारी जहाजं निवडा.

दुसरी अडचण आडनावाची, आणि खरा वेळ इथेच जातो. पवार हे ओ घालून 'पोवार' होतं. चव्हाणांचं 'चौहान' होतं, सावंतांच्या नावात व्ही की डब्ल्यू याला नियम नाही, जाधवांच्या शेवटी व्ही ऐवजी ओ येतो, भोसल्यांत एक एन शिरतो, गणपतमधला अ कधी ए ने तर कधी यू ने लिहिलेला असतो. म्हणून अचूक जुळणीचा पर्याय बंद ठेवून आडनावाची पहिली तीनचार अक्षरंच टाकावीत. कोणत्या देशाच्या फौजेत या रकान्यात इंडियन निवडलं की यादी आटोक्यात येते, मात्र भारतीय सैन्यातले इंग्रज अधिकारीही तिच्यात येतात, ते वगळून वाचावं. आणखी एक गोष्ट हमखास चकवते. भारतीय सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत पूर्ण नाव एकाच रकान्यात, आडनावाच्या जागी बसवलेलं आहे. 'कदम' शोधून मिळालं नाही तर आडनावाच्या रकान्यात 'गणपत' टाकून पाहावं.

नायक यशवंत घाडगे यांची नोंद सरावासाठी चांगली आहे, कारण उत्तर आधीच माहीत आहे. माणगाव तालुक्यातले घाडगे ३/५ मराठात होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं आडनाव इंग्रजीत डी आणि टी अशा दोन्ही अक्षरांनी लिहिलेलं आढळतं. एवढ्या नावाजलेल्या माणसाची ही गत, तर साध्या शिपायाच्या नावाचं काय होत असेल ते ओळखा. त्यांचं नाव कसिनो स्मारकावर आहे, थडग्यावर नाही, आणि त्यामागचं कारण पुढे येतं.

आडनावाच्या वाटेने जमलं नाही तर तिसरी वाट बहुतेकांना ठाऊकच नसते. प्रगत शोधात 'अधिक माहिती' असा रकाना आहे. वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा नोंदवला असेल तर तो इथे असतो. त्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका, फक्त त्या काळचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला. सांगली तेव्हा जिल्हा नव्हता, त्यातला पुष्कळ भाग साताऱ्यात आणि संस्थानांत मोडत होता. पुण्याला पूना, नाशिकला नासिक. गावाच्या नावातलं बुद्रुक, खुर्द, वाडी हे शब्द अनेकदा गळालेले असतात, म्हणून फक्त मूळ नाव टाकावं. पहिल्या युद्धातल्या कितीतरी नोंदींत हा रकाना कोराच आहे, आणि या सेवेतली मला सगळ्यात जास्त सलणारी उणीव तीच आहे.

सगळ्यात खात्रीची वाट सैनिक क्रमांकाची, आणि तो क्रमांक बहुधा घरातच पडून असतो. पहिल्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या जाडीवर, क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण या क्रमाने अक्षरं ठोकलेली असतात. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल बऱ्याच घरांतून मोडीत गेलेलं असतं, काशाचं व्हिक्टरी मेडल राहिलेलं असतं. दोन्हींवर मजकूर तोच, त्यामुळे एक पुरतं. दुसऱ्या युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांची पदकं बिननावाची होती, पण भारतातून दिलेल्यांवर नाव असतं. वाचायची पद्धत अशी: पदक उभं धरा, टॉर्च जवळजवळ आडवी ठेवा आणि कडेचे चार फोटो काढून मोठे करून पाहा. चिंच, राख, पितांबरी यांपैकी काहीही लावू नका. चकाकी येईल, पण आधीच झिजलेली अक्षरं कायमची जातील. क्रमांक मिळाला की सोबत पलटणही टाका, कारण त्या काळी क्रमांक पलटणीपुरते असत आणि एकच क्रमांक दहा पलटणींत सापडतो.

नोंद उघडली की काय दिसतं? हुद्दा, क्रमांक, पलटण, तारीख, कधी वय, स्मारकाचं नाव आणि त्यावरची जागा. खाली अनेक नोंदींना मूळ कागदांच्या प्रती जोडलेल्या आहेत, त्या उघडून पाहाव्यातच. टंकलिखित यादीतलं स्पेलिंग आणि संकेतस्थळावरचं स्पेलिंग वेगळं असू शकतं. जागेच्या रकान्यात कबरीचा क्रमांक नसून पॅनेलचा असेल तर नोंद चुकली असं समजू नका. हिंदू आणि शीख सैनिकांना शक्य तिथे अग्नी दिला जाई, आणि ज्यांचा अंत्यविधी कुठे झाला हे ठाऊक नाही त्यांची नावं स्मारकाच्या भिंतीवर गेली. घाडगे कसिनोच्या भिंतीवर आहेत ते असे. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर अशी ४,७०० हून अधिक भारतीय नावं आहेत. बेपत्ता सैनिकाच्या बाबतीत तारीखही अधिकृतपणे धरून चाललेली असते, घरच्या तिथीशी ती जुळलीच पाहिजे असं नाही.

पण पहिल्या युद्धातल्या मराठा सैनिकांचा शोध वारंवार येऊन थांबतो तो इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकापाशी. सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ मराठा मेसोपोटेमियात गेल्या. नोव्हेंबर १९१५ मधली टेसिफोनची लढाई, मग ७ डिसेंबरपासून कुत गावाला तुर्कांचा वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती आणि त्यानंतरची कैद. उपासमार आणि वाळवंटातली चाल यांत किती माणसं गेली, याचा हिशेब या एका स्मारकावर दिसतो. ज्यांची कबर माहीत नाही अशा ४०,५०० हून अधिक जणांसाठी ते बांधलं गेलं आणि २७ मार्च १९२९ रोजी त्याचं उद्घाटन झालं. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. भारतीय शिपाई आणि हवालदार मात्र पलटणीखाली फक्त संख्येने मांडले गेले, त्यांची नावं नोंदवहीत राहिली. गावच्या शिळेवर जे घडलं तेच तिथे सरकारी पातळीवर घडलं. १९९७ मध्ये ते स्मारकच मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर नेलं गेलं. कमिशनने एप्रिल २०२१ च्या अहवालात कबूल केलं की सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं आणि किमान १,१६,००० जणांची नावं नोंदलीच गेली नाहीत किंवा त्यांचं स्मरणच झालं नाही. यातले बहुसंख्य आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या मोहिमांमधले होते. ही कबुली मी सेवेच्या जमेच्या बाजूला धरतो. बसऱ्याच्या नोंदवहीतली नावं आता ऑनलाइन शोधता येतात, आणि भिंतीवर ज्याचं नाव कोरलं नाही अशा शिपायाचं नाव पडद्यावर वाचता येणं ही लहान गोष्ट नाही.

गावपातळीवर काम करणाऱ्या मंडळांनी आणि शिक्षकांनी एकेक नाव शोधत बसू नये. पलटण टाकून, युद्ध निवडून आलेली पूर्ण यादी डाउनलोड करावी. ती एक्सेलमध्ये उघडते. 'अधिक माहिती'च्या स्तंभावर गाळणी लावून जिल्हा आणि तालुक्याची स्पेलिंगं एकामागून एक तपासावीत. फोनवर हे जमत नाही, संगणक हवा. हाती आलेली नावं मग शिळेवरच्या आकड्याशी ताडून पाहावीत. शिळा सात म्हणते आणि यादीत चार सापडले, तर उरलेले तिघे कोऱ्या रकान्यात किंवा लेबर कोअरसारख्या दुसऱ्या दलात आहेत असं धरून शोध पुढे न्यायचा.

शिळा वाचताना मात्र घाई नको. बहुतेक ठिकाणी तिच्यावर चुना आणि ऑइलपेंटचे थर बसलेले असतात, रस्त्याची उंची वाढून खालची ओळ सिमेंटखाली गेलेली असते, आणि नेमकी त्याच ओळीत मृतांची संख्या असते. ॲसिड, तारेचा ब्रश, छिन्नी यांतलं काही लावायचं नाही. मऊ ब्रश आणि साधं पाणी घ्यावं, दगड ओला असताना संध्याकाळी एका बाजूने टॉर्च मारून फोटो काढावा. अक्षरांत नवा काळा रंग भरायचा उत्साह आवरावा, कारण रंगवणारा १ चा ७ करतो आणि पुढच्या पिढीसाठी तोच पुरावा ठरतो.

जाऊन पाहायचं असेल तर कुठे जायचं, याबद्दलही गैरसमज आहेत. पुण्यातली खडकीची युद्धदफनभूमी उत्तम राखलेली आहे. दुसऱ्या युद्धातल्या १,६६८ कबरी तिथे आहेत. पण तिथलं १९१४-१९१८ चं स्मारक, १,८०० हून अधिक नावांचं, भारतात मरण पावून ठिकठिकाणच्या छावण्यांतल्या स्मशानभूमींत पुरलेल्यांचं आहे, आणि त्यावर प्रामुख्याने ब्रिटिश नावं आहेत. मेसोपोटेमियात गेलेल्या पणजोबांचं नाव तिथे मिळणार नाही. दुसऱ्या युद्धात रणांगणापासून दूर मरण आलेल्या अखंड भारताच्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावं दिल्ली आणि कराचीच्या जोड-स्मारकांच्या यादीत आहेत. इंडिया गेटवर कोरलेली १३,००० हून अधिक नावं पहिलं महायुद्ध आणि तिसरं अफगाण युद्ध यांतली. त्याच्याजवळच २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलेलं राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. तिथल्या त्यागचक्रातल्या ग्रॅनाइटच्या विटांवर नावं आहेत ती स्वातंत्र्यानंतरच्या वीरांची. म्हणजे १९४४ मध्ये इटलीत पडलेल्या मराठा शिपायाचं नाव दिल्लीतल्या या दोन्ही मोठ्या वास्तूंवर नाही. १९६२, १९६५, १९७१ किंवा कारगिलमधल्या जवानाचा शोध मात्र राष्ट्रीय स्मारकाच्या संकेतस्थळावर घ्यावा, कमिशनच्या यादीत तो नसतो.

नोंद सापडल्यावर तिथूनच नावाचं स्मृतिपत्र पीडीएफमध्ये काढता येतं. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत लावायला ते चांगलं आहे, पण छापण्याआधी नाव नीट तपासा, कारण स्पेलिंग जसं नोंदीत तसंच त्यावर येतं. चूक आढळली तर कमिशनकडे दुरुस्तीची विनंती करता येते. 'आमच्या घरात असं सांगतात' यावर दुरुस्ती होत नाही, त्या काळचा पुरावा लागतो: पदकाच्या कडेचा स्पष्ट फोटो, तबकडीचा फोटो, सेवापुस्तक, पेन्शनचा कागद. मोडी लिपीतला कागद असेल तर मूळ प्रत, देवनागरी लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर असं तिन्ही एकत्र जोडा. विनंतीत सैनिक क्रमांक आणि पलटण पहिल्या ओळीत लिहा, आणि एका पत्रात एकाच सैनिकाची दुरुस्ती मागा.